पट्टीखालची ओळ

आमच्या शाळेच्या ऑफिसात एक कारकून होते, त्यांना सगळे पट्टीकाका म्हणायचे. मुलं पाठीमागे म्हणायची, आम्ही शिक्षक तोंडावर म्हणायचो, आणि त्यांची बायको फोन करायची तेव्हा तीसुद्धा "पट्टीकाका आहेत का हो?" असंच विचारायची, म्हणजे बघा. नाव पडलं होतं त्यांच्या लाकडी पट्टीवरून. फूटभर लांब, दोन बोटं रुंद, कडा झिजून गोल झालेल्या, मधोमध शाईचा जुना डाग. जुन्या रजिस्टरवरून नवं उतरवताना ते ती पट्टी पानावर आडवी ठेवायचे, पट्टीच्या वरची ओळ वाचायचे, नव्या पानावर लिहायचे, मग पट्टी एक ओळ खाली. बत्तीस वर्षं हेच. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा काका म्हणाले, "तो बंद पडतो. पट्टी काय बंद पडणार?" आणि खरंच, पहिल्याच आठवड्यात तो बंद पडला. त्या विजयावर काकांनी पुढची दहा वर्षं काढली.

अक्षर मात्र असं की बघत राहावं. मोत्याच्या दाण्यासारखं म्हणतात ना, तसं. कुठलाही कागद काकांच्या हातून गेला की तो खरा वाटायचा. आम्ही बाया आपापली चिंध्यांसारखी अक्षरं घेऊन त्यांच्याकडे जायचो आणि म्हणायचो, काका, एवढं जरा नीट लिहून द्या.

आता आमच्या वर्तन रजिस्टरबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. वर्ष संपताना वर्गशिक्षिका ज्या मुलांबद्दल काही सांगण्यासारखं असेल त्यांच्या नावापुढे एक शेरा लिहायची. एकच ओळ. सुट्टीत पट्टीकाका ती ओळ पुढच्या इयत्तेच्या रजिस्टरमध्ये उतरवायचे, आणि नवी वर्गशिक्षिका शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ते वाचून बसायची. म्हणजे मूल वर्गात यायच्या आधी त्याची ओळ वर्गात यायची. पहिल्या पालकसभेला आईबापांनी तो शेरा वाचून शेजारी सही करायची. या पद्धतीचा आम्हाला फार अभिमान होता. आमच्याकडे कसं सगळं लेखी असतं, असं आम्ही दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकांना ऐकवायचो.

मी सातवीची वर्गशिक्षिका होते त्या वर्षी रजिस्टरमध्ये सतरा नंबरच्या मुलीपुढे लिहिलेलं होतं: वर्गातील वस्तूंची चोरी. विचारल्यास खोटे बोलणे. लक्ष ठेवावे. काकांच्या त्या सुरेख अक्षरात. शेरा देणाऱ्या सहावीच्या बाई त्याच सुट्टीत नोकरी सोडून गेल्या होत्या, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर विचारावंसं मला वाटलंही नाही. मुलगी पाहिली, बारीक चणीची, खाली मान घालून बसणारी. मी मनात म्हटलं, दिसते साळसूद, पण आम्हालाही माणसं कळतात. तिला पहिल्या बाकावर, माझ्या नजरेसमोर बसवलं. पंधरा दिवसांनी कुणाची तरी कंपासपेटी हरवली, तेव्हा मी सगळ्या वर्गासमोर एकच दप्तर उघडायला लावलं. तिचं. पेटी निघाली नाही. दुसऱ्यांदा कुणाचा डबा गेला, तेव्हाही तिचंच. तेव्हाही निघाला नाही. तिसऱ्यांदा मला सांगावंही लागलं नाही, मुलांनीच माना वळवल्या.

तिचे वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे, बहुतेक रात्रपाळी. आई दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून एकदा यायची. पालकसभेला वडील आले ते रुमालानं हात पुसत पुसतच. शेरा वाचला. पुन्हा वाचला. म्हणाले, "शाळेनं लिहिलंय म्हणजे असणारच," आणि सही केली. पोरगी शेजारी उभी होती, तिला त्यांनी काही विचारलं नाही. मलाही विचारलं नाही. मला तेव्हा ते फार समजूतदार पालक वाटले.

पुढची अडीच वर्षं थोडक्यात सांगते, कारण ती आठवून मलाच थकायला होतं. पोरगी आधी उशिरा येऊ लागली. रोज, अर्धा अर्धा तास. गेटवर नाव लिहून घ्यायचं, वर्गाबाहेर उभं करायचं, हे आमचं ठरलेलं. मग उलट बोलू लागली. आठवीत स्वच्छतागृहातला आरसा फोडला. एका मुलीच्या कानाखाली वाजवली. नववीला ती पुन्हा माझ्या वाट्याला आली, आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत माझा मोबाइल टेबलावरून उचलून तिनं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत टाकला. लपवलंही नाही. खाली येऊन म्हणाली, "बाई, तुमचा फोन मी चोरला. आता लिहा."

आता मात्र डोक्यावरून पाणी गेलं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दाखला देऊन मोकळं व्हायचं ठरवलं. शनिवारी वडिलांना बोलावून दाखला हातात द्यायचा. नववीच्या मधोमध काढलेल्या आणि वर्तनाच्या रकान्यात चोरी लिहिलेल्या मुलीला कोणती शाळा घेते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कोणतीच नाही. मी त्या ठरावावर सही केली आणि घरी जाऊन शांत झोपले. झोपलेच, खोटं कशाला सांगू.

दाखल्याबरोबर सगळ्या इयत्तांच्या शेऱ्यांचा गोषवारा जोडावा लागतो. तो लिहायला पट्टीकाकांनी गुरुवारी माळ्यावरून सहावीचं मूळ रजिस्टर काढलं. दुपारी मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते, तर काका दारात येऊन उभे राहिले.

"बाई, माझ्याकडून चूक झालीय."

"झाली असेल काका. माझे अजून चाळीस पेपर राहिलेत."

"सतरा नंबरची ओळ तिची नाही."

मी पेन खाली ठेवलं. काका खुर्चीवर बसले आणि एका दमात सांगून गेले. सहावीचं रजिस्टर उतरवताना बायकोला दवाखान्यात हलवल्याचा फोन आला होता. परत आले चार दिवसांनी. पट्टी सतराच्या पानावरच होती, पण मधल्या दिवसांत कुणीतरी टेबल पुसताना ती एक ओळ खाली सरकली असणार. वरची ओळ वाचायची सवय, ती वाचली आणि सतरासमोर लिहिली. ती होती अठराची. मग शेवटी सतराचा शेरा उरला आणि अठराची ओळ मोकळी राहिली, तर तो शेरा त्या ओळीवर टाकून दिला. "डोकं ठिकाणावर नव्हतं बाई. बसलं ना गणित जुळून, म्हणून पुन्हा पाहिलं नाही."

मला इतका राग आला की मी ओरडलेच. "अडीच वर्षं, काका! आता सांगून काय उपयोग?" मग माझ्या लक्षात आलं की मी कुणावर ओरडतेय. लिहिलं त्यांनी होतं, दप्तर उघडायला लावलं मी होतं.

"चला, मोठ्या बाईंना सांगू," मी म्हटलं. "अठराचा शेरा अठराला द्या, हिचा हिला."

"तीच तर अडचण आहे," काका म्हणाले. "अठरा नंबर आज बरी चाललीय. फार बरी. तिला ठाऊकही नाही की तिची ओळ हरवली. सहावीत अकरा वर्षांची होती, दोन पेन्सिली आणि एक खोडरबर उचलला होता. सातवीत तुम्हीच तिच्यापुढे चांगला शेरा पाहिलात आणि तिला तसंच वागवलंत. आता मी जाऊन तिच्या बापाची सही घेऊ का, की तुमची पोरगी चोर आहे, उशिराबद्दल क्षमस्व?"

"ती कोण?"

"ते नाही सांगणार, बाई. तुम्हालाही नाही."

आठवीत तुकड्या बदलल्या, नंबर बदलले. शोधायचं म्हटलं तर पाच मिनिटांचं काम आहे. मी अजून शोधलेलं नाही.

शनिवारी मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही पाच जण. टेबलावर तयार दाखला, फक्त सही बाकी. वडील कडेच्या खुर्चीवर, रात्रपाळीचे डोळे तसेच लाल. पोरगी भिंतीला टेकून, बुटाचं टोक फरशीवर घासत. पट्टीकाका सहावीचं रजिस्टर छातीशी धरून आले, टेबलावर उघडलं, सतराच्या ओळीखाली पट्टी ठेवली आणि तिच्यावर तळहात दाबून धरला. मग चूक सांगितली. सगळी सांगितली, स्वतःला न वाचवता.

मोठ्या बाईंनी ओळ वाचली. "आणि चोरीचा शेरा कुणाचा होता?"

"पट्टीखाली आहे."

"पट्टी उचला."

"नाही बाई."

"काका, हे शाळेचं रजिस्टर आहे, तुमच्या घरचं नाही. निवृत्तीला आठ महिने राहिलेत तुमचे. जाताना कशाला वाकड्यात शिरताय?"

"माझी चौकशी लावा, बाई. पण ही एक वर काढताना ती दुसरी खाली ढकलू नका. एकदा झालंय माझ्या हातून."

मोठ्या बाईंनी हात पुढे केला. काकांचा हात हलला नाही. मी अठ्ठावीस वर्षं त्या माणसाला ओळखत होते, कुणाला नाही म्हणताना पहिल्यांदाच पाहत होते. शेवटी मोठ्या बाईंनी हात मागे घेतला आणि नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यांनाही कंटाळा आला असावा. आम्हाला सगळ्यांनाच सगळ्याचा आला होता.

मग वडील उठून टेबलाशी आले. वाकून वाचू लागले: शांत. वाचनाची आवड. स्वतःहून इतरांना मदत करते. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, अगदी त्या वेळेसारखं. खिसे चाचपले आणि म्हणाले, "पेन देता का? सही कुठे करायची?"

आता त्या ओळीवर सही लागत नव्हती. तरी मी माझं पेन दिलं.

पोरगी भिंतीपासूनच म्हणाली, "आता सही करून काय होणार बाबा? आरसा मीच फोडलाय. फोनपण मीच टाकलाय."

"तू मला सांगितलं का नाहीस तेव्हा?"

"तुम्ही विचारलं कुठे? घरी जाऊन कपाटाला कुलूप लावलंत. आत माझाच गणवेश. सकाळी तुम्ही पाळी करून येऊन झोपलेले, किल्ली तुमच्या उशाखाली. उठवलं तर चिडणार, म्हणून तुम्ही कूस बदलेपर्यंत मी थांबायचे. मग शाळेत उशीर. मग बाई बाहेर उभं करणार. आत येऊन तरी काय करायचं होतं?"

गेटवरच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे सव्वादोनशे वेळा उशीर लिहिलेला होता, आणि कारणाच्या रकान्यात आम्ही दर वेळी एकच शब्द टाकला होता: बेफिकिरी.

दाखला फाडला गेला. पंधरा दिवस घरी बसवून तिला परत घ्यायचं ठरलं. आणि नाही, ती काही रातोरात गुणी झाली नाही. कुलूप निघालं, त्यामुळे वेळेवर येऊ लागली, एवढंच. अजून फटकळ बोलते, अजून मधल्या सुट्टीत एकटी बसते. मी तिची माफी मागितली. ती "बरं" म्हणाली आणि वहीत बघत राहिली. माझ्या अपेक्षा काय होत्या कोण जाणे.

पट्टीकाकांनी त्या सुट्टीत रजिस्टरं उतरवली ती नुसती नावांची. शेऱ्यांचा रकाना रिकामा. विचारलं तर म्हणाले, हात दुखतो. त्यांना लेखी ताकीद मिळाली, निरोपाचा कार्यक्रम आटोपता घेतला गेला. जाताना पट्टी माझ्या टेबलावर ठेवून गेले.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गात, म्हणजे आता ती आहे त्या दहावीत, एका मुलीचं घड्याळ सापडेना. मी फळ्यावर लिहीत होते, वळले. सगळ्या वर्गाच्या माना त्या एकाच बाकाकडे. आणि सगळं माहीत असून माझीही मान आधी तिकडेच गेली. तिनं ते पाहिलं. दप्तर बाकावर घेतलं आणि एकेक वस्तू बाहेर काढून मांडू लागली. मी धावत गेले, "अगं नको, ठेव आत, ठेव," म्हणत तिच्या वह्या परत भरू लागले. ती म्हणाली, "राहू द्या बाई. मला सवय आहे." घड्याळ बेसिनपाशी निघालं.

त्या रविवारी मी काकांच्या घरी गेले. बायको पलंगावर, काका खिडकीशी बसून तिच्या औषधांच्या डबीवर वारांची नावं लिहीत होते. तेच अक्षर, किंचित थरथरतं. मी गेले की ते पहिला प्रश्न हाच विचारतात, सतरा नंबर कशी आहे. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण सगळं सांगितलं, माझ्या मानेसकट.

त्यांनी डबी फिरवून पुढचा खण समोर घेतला. मग म्हणाले, "तुमच्यासारखं गिचमिड अक्षर असतं ना माझं, बाई, तर कुणीतरी एकदा येऊन विचारलं असतं, काका, हे नक्की काय लिहिलंय?"

मग त्यांनी डबीवर शनिवार लिहिला, फुंकर मारून शाई वाळवली आणि मला म्हणाले, बघा बरं, वाचता येतंय का.