दारातलं सहा पाकळ्यांचं फूल

ब्रिस्टलला आम्ही भाड्यानं राहतो त्या जुन्या इमारतीच्या दाराशी, कुलपाच्या उंचीवर, दगडात एक फूल कोरलेलं आहे. शाळेत कंपासनं काढायचो तसं, वर्तुळात सहा पाकळ्या. वर्षभर माझं त्याच्याकडे लक्षही गेलं नव्हतं. मग खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं की ते फूल नाही, सापळा आहे. वाईट काही घरात शिरायला आलं की या रेषेमागे लागतं, रेषेला शेवट सापडत नाही, बसतं तिथेच फिरत. जुन्या चर्चच्या खांबांवर, चुलीवरच्या तुळयांवर अशा खुणा पुष्कळ आहेत म्हणाल्या. मी हसले होते.

त्यानंतर महिन्याभरात, दहाव्या आठवड्यात, माझं पहिलं मूल पोटातच गेलं.

पुन्हा दिवस राहिले तेव्हा बाहेर पडताना मी त्या रेषेवरून बोट फिरवायला लागले. आधी एकदाच. मग येता-जाता. मग अर्ध्या रस्त्यात शंका यायची, आज फिरवलं का? की परत फिरायचं, बस गेली तर गेली. बोटाला दगडाची पांढरी पूड लागायची, ती काळ्या कोटाला पुसायची. नवऱ्याला बोलले नाही. काय बोलणार? आम्ही बौद्ध. बाबांनी नागपुरात अर्धं आयुष्य लोकांचे गंडेदोरे सोडवण्यात घालवलं. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही. दृष्ट काढायला आलेल्या शेजारणीला ते चहा पाजून परत पाठवायचे. आणि त्यांची इंजिनिअर लेक इथे इंग्रजांच्या भुताला दगडात फिरवत होती! स्वतःचाच संताप यायचा. बोट काही थांबायचं नाही.

बारा आठवड्यांच्या स्कॅनसाठी बाबा नागपूरहून मुद्दाम चार दिवस आधी आले. स्कॅनच्या सकाळी नवरा ऑफिसातून थेट हॉस्पिटलला येणार होता. "तुम्ही व्हा पुढे, मी लॉक करून येते," म्हणून मी बाबांना पुढे काढलं आणि घाईघाईनं बोट लावलं. वळले तर ते तिथेच उभे.

"रोज करतेस?"

"बाबा, ही लिस्टेड बिल्डिंग आहे ना, सरकारी वारसा यादीतली, म्हणजे हे जुनं कार्व्हिंग..."

"माहीत आहे. खालच्या बाईंनी सांगितलं मला."

आता भाषण येणार. ते मला लहानपणापासून पाठ आहे. पण बाबा चष्मा सारखा करून वाकले.

"ही पाकळी बघ, कशी घसरली आहे. कोरणाऱ्याचा हात कापत असणार. घाबरला असेल बिचारा." मग म्हणाले, "तूही घाबरली आहेस. मग आम्हाला सांगायचं सोडून दगडाला काय सांगत बसलीस?"

"मला भीती वाटते, बाबा. हेही जाईल असं सारखं वाटतं."

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मी हे मोठ्यानं बोलले, आणि भर फुटपाथवर मला रडू फुटलं. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मलाही वाटते गं," ते म्हणाले. "काल दूध आणायला गेलो, तेव्हा मीही बोट फिरवून आलो. नागपुरात कुणाला सांगू नकोस."