सुलतानचा सुळा

बोईसरच्या गुरांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं डॉक्टर होतो. या नोकरीत किस्से म्हणजे शेणासारखे हो, रोज उचला, रोज नवीन! पण चार मित्र जमले की फर्माईश एकच, "तो सिंहाचा सांग!" अरे, एक असेल तर सांगू ना!

*

ऐंशीच्या सुमाराला मैदानात सर्कस लागली होती. एका सकाळी सिंहाचा मास्तर रडकुंडीला येऊन दारात उभा. "डॉक्टरसाब, पाँच दिन से मेरा सुलतान कुछ खाता नहीं. मर जाएगा!" बाटलीनं दूध पाजून वाढवलेला सिंह त्यानं.

जनावरांची मलमपट्टी करणारा आमचा ड्रेसर धर्मा डोंगराकडच्या गावचा, जन्म बैलांत गेलेला. त्यानं सवयीनं रजिस्टर उघडलं. "रवंथ करतो का?"

"अरे भाई, वो शेर है!"

"म्हंजे करत नाय," धर्मानं लिहून घेतलं. "मंग आजारीच हाय!"

*

माझं सिंहाचं ज्ञान कॉलेजच्या पुस्तकातल्या दीड पानाचं! पिंजऱ्यासमोर मास्तर म्हणाला, धडधाकट सिंहसुद्धा दिवसाचे वीस तास लोळतो. मग हा आजारी की आळशी, ओळखायचं कसं?

"शेपटीचा गोंडा बघा ना, सायेब," धर्मा म्हणाला. "एवढ्या माश्या बसल्यात, गोंडा हालत नाय."

मी मान डोलावली, जणू मीही तेच बघत होतो!

*

कुठल्याही इंजेक्शनला आधी वजन हवं. मास्तरनं पिंजऱ्यात शिरून छातीच्या घेरावरून बैलांचं वजन सांगणारी टेप सुलतानला गुंडाळली. आकडा ऐकून मी गार!

धर्मा ओरडला, "आयाळ बाजूला करा! नायतर अर्धं औषध केसांनाच जाईल!"

आयाळ बाजूला केली तर जबडा टम्म सुजलेला. सुळ्याच्या मुळाशी पू झाला होता. बिचारा खाणार कसा?

*

पिंजऱ्याभोवतीच्या दोरीपलीकडे तारापूर कॉलनीतली मंडळी आणि मुरबे गावच्या कोळणी, ही गर्दी! मास्तर त्यांना सांगत होता, "शिकार ज़्यादातर शेरनी करती है, पहले खाता शेर है."

एक कोळीण फिस्सकन हसली. "मासली आमी विकायची नि पयला नवरा जेवायचा! तुमचा शेर आमच्या गावचाच हाय, भाऊ!"

*

भूल दिली. घोड्यांच्या दातांचा चिमटा लावून धर्मानं नि मी बोटाएवढा सुळा उपटला. पण दुपारचे तीन वाजले तरी सुलतान उठेना. मास्तर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. भूल जास्त झाली असेल तर? या माणसाला तोंड कसं दाखवू? मी दर पाच मिनिटांनी सुलतानचा श्वास मोजत होतो.

चारच्या सुमाराला कान हलला. सुलतान उठला, धडपडला, पुन्हा उठला आणि असा गरजला की सर्कशीचे घोडे दावी तोडायला लागले! शिट्ट्या काय, टाळ्या काय! धर्मा तर नाचतच सुटला. घमेलंभर खिमा सुलताननं बघता बघता साफ केला.

मग त्यानं मास्तरचा हात चाटला. सिंहाची जीभ म्हणजे नारळाची खवणी, हाडावरचं मांस खरवडून काढते. मास्तरच्या हाताची सालटी निघाली, रक्त आलं. मी पट्टी घेऊन धावलो.

मास्तरनं हात मागे ओढला. "पट्टी बाद में, डॉक्टरसाब! मेरे सुलतान ने चाटा है, पहले सब को दिखाके आता हूँ!"