मधूच्या गाडीमागचं घर

आमच्या जबलपूरच्या महाराजपूर कॉलनीत चार जण चहाला बसले की कोणीतरी म्हणतंच, "ते पुलावरचं सांगा ना." मग मी सांगायला लागतो, मधू मधेच तोडतो, माझी बायको लता आम्हा दोघांनाही खोटं पाडते, आणि किस्सा दर वेळी वीतभर वाढतो. असे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. तुमचा दोस्त मोठ्या एसयूव्हीच्या मागे अख्खं घर जोडून फिरत असला की ते आपोआप साचतात. ऐकणारे हसतात. हसा बाप्पा, हसा. मी त्या वेळी मागच्या सीटवर देवाचं नाव घेत बसलो होतो, हे कोणी विचारत नाही.

आधी ते घर आलं कसं, ते सांगतो. मधू म्हणजे मधुकर, माझा शाळेपासूनचा दोस्त, फॅक्टरीतून रिटायर झालेला. सुनंदावहिनी त्याची बायको. वहिनींच्या किडन्या गेल्या आणि घरच्या घरी डायलिसिस सुरू झालं. पोटात बसवलेल्या नळीतून पिशवीतलं औषधी पाणी आत सोडायचं, जुनं बाहेर काढायचं, दिवसातून चारदा. प्रत्येक वेळी अर्धा तास. तेवढा वेळ दार-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. नळीला जराशी घाण लागली तर पोटात इन्फेक्शन.

एकदा दोघं कटनीला लग्नाला गेले. लॉजच्या खोलीत पिशवी पडद्याच्या दांडीला टांगली. परत आल्यावर वहिनी कितीतरी दिवस हॉस्पिटलात होत्या. डॉक्टरांनी मधूला बाहेर बोलावून सांगितलं की पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही. तेव्हापासून वहिनींनी हॉस्पिटलला जाण्यापुरतं सोडलं तर घराचं फाटक ओलांडलं नाही. त्यांची आई नागपूरला, नव्वदीला टेकलेली. सगळे त्यांना माई म्हणतात. माई रोज फोनवर विचारायच्या, "केव्हा येऊन राहिली?" वहिनी म्हणायच्या, "येते ना, थंडी संपू दे." तीन वर्षं ती थंडी काही संपली नाही.

मग एक दिवस मधूनं सेकंडहँड कॅम्पर ट्रेलर आणून दारात उभा केला. आत पलंग, छोटा ओटा, बेसिन, आणि पिशवी टांगायला छताला पक्का हुक. मी म्हटलं, "अबे, लोक बायकोला माहेरी न्यायला टॅक्सी करतात. तू घर काहून आणलं?"

तो म्हणाला, "टॅक्सीचं दार-खिडकी बंद करून ड्रायव्हरला अर्धा तास बाहेर उभं करता येते काय?"



*

आता गाडी पुढे कोणीही नेतो. ट्रेलर मागे घेताना अक्कल लागते, कारण स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तो उजवीकडे जातो. मधूनं कॉलनीच्या मैदानात प्रॅक्टिस सुरू केली. मागचं सांगायला शेजारचे तिवारीजी आले. तिवारीजी रेल्वेत गार्ड होते. शिटी आणि लाल-हिरवी झेंडी त्यांनी अजून जपून ठेवली आहे, ती घेऊनच आले.

गार्ड उभा राहतो गाडीच्या अगदी शेवटी. तिवारीजी तसेच, ट्रेलरच्या बरोब्बर मागे, मधोमध जाऊन उभे राहिले. मधूच्या आरशात त्यांचा टोपीचा कोपराही दिसत नव्हता. ट्रेलर मागे येऊ लागला. तिवारीजींनी लाल झेंडी धरली. ट्रेलर येतोच आहे. ते एक पाऊल मागे सरकले, मग दोन, शिटी फुंकताहेत, इंजिनच्या आवाजात शिटी कोणाला ऐकू येते? मी बाजूनं धावत मधूच्या काचेवर थापा मारल्या तेव्हा ब्रेक लागला. तिवारीजींची पाठ कुंपणाला लागली होती. ट्रेलर त्यांच्या पोटापासून हातभर लांब होता.

मधू घामानं निथळत खाली उतरला. त्यानं हात जोडून विचारलं, "भैया, आप पीछे काहे खड़े थे?"

तिवारीजी झेंडी गुंडाळत म्हणाले, "ज़िंदगी भर पीछे ही खड़ा रहा हूँ. आज तक किसी ड्राइवर ने शिकायत नहीं की."

*

आता पुलावरचं.

गाडीच्या मागे एक लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरचा जबडा बसतो. तो जबडा उघडू नये म्हणून त्यात एक आडवी पिन घालायची. पिन बोटाएवढी, पण सगळा भरवसा तिच्यावर. वर दोन साखळ्याही असतात, पण त्या अडीअडचणीला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनींना पहिल्यांदा थोडं बाहेर न्यायचं ठरलं. नागपूर रोडनं तिलवाऱ्याचा नर्मदेवरचा पूल ओलांडून थोडं पुढे जायचं आणि परत यायचं. वहिनी पुढे बसल्या, मी मागे. जन्मकैदेतून सुटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. पुलावर गाडी आली तशी त्यांनी काच खाली केली, नर्मदेला हात जोडले, आणि मागून लोखंड आपटल्याचा मोठा आवाज झाला.

मी वळून पाहिलं. ट्रेलर गोळ्यावरून सुटला होता. साखळ्यांवर लोंबकळत, नाक रस्त्यावर घासत, ठिणग्या उडवत येत होता. कधी कठड्याकडे जायचा, कधी समोरून येणाऱ्या ट्रककडे. मधूनं जोरात ब्रेक मारला असता तर तो आमच्यावरच आला असता, आणि ब्रेक मारला नाही तर साखळी किती वेळ टिकेल ते देवाला ठाऊक. वहिनींनी जोडलेले हात तसेच राहिले. मधूनं फक्त पाय उचलला आणि गाडी आपोआप मंदावू दिली. ट्रेलरनं मागून एक धक्का दिला आणि सगळं थांबलं. मागे गाड्यांची रांग, हॉर्न, शिव्या.

खाली उतरून बघतो तर जबड्यात पिनच नाही.

मधू डोक्याला हात लावून उभा राहिला. फॅक्टरीतली सवय! दसऱ्याला हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडायची. त्यानं पाने-पकडी, जॅक, हातोडा, सगळं देवघरात मांडलं होतं, त्यात पिनही. दुसऱ्या दिवशी बाकीचं सगळं उचललं आणि हळदीकुंकू लावलेली पिन आपट्याच्या पानांखाली तशीच राहिली.

मी लताला फोन लावला. मधूच्या घरची दुसरी किल्ली आमच्याकडे असते. म्हटलं, देवघरातून पिन घे आणि स्कूटीनं उडत ये. तिला यायला इतका वेळ लागला की एक हवालदार आमच्यावर ओरडून ओरडून थकला. शेवटी ती आली. मी म्हटलं, "अगं, इथे जीव टांगणीला लागला अन् तू काय करून राहिली होती?"

लता शांतपणे पिन काढत म्हणाली, "पूजेतली वस्तू तशीच उचलते काय कोणी? उत्तरपूजा करून आणली."

*

टोलनाक्यावरचा मुलगा गाडीकडे पाहतो, ट्रेलरकडे पाहतो, पुन्हा गाडीकडे पाहतो. "पीछे क्या है?"

मधू म्हणतो, "घर."

"घर में कौन है?"

"कोई नहीं. घरवाली आगे बैठी है."

*

मझौलीला मात्र हसू आलं नाही, निदान त्या वेळी. थोडं लांब, त्या गावापर्यंत जाऊन वाटेत पिशवी बदलायची, असा तो पहिलाच प्रयोग होता. या वेळी लताही बरोबर होती. बाजाराच्या कडेला झाडाखाली कॅम्पर लावला. वहिनी आत गेल्या, हात धुतले, मास्क लावला, मधूनं बाहेरून दार ओढून घेतलं. पांढरी गाडी, खिडक्या बंद, मास्क लावलेली बाई आत जाताना दिसलेली. बाजारात बातमी पसरली की सरकारी दवाखान्याची गाडी आली आहे. बघता बघता दारासमोर रांग लागली.

मधू दाराला पाठ लावून उभा राहिला. एक म्हातारबुवा त्याच्या बगलेखालून हात घालून कडी ओढायला बघत होते, "सुई लगवानी है, भैया." दुसरा खिडकीची काच ठोकून राहिला होता. आत वहिनींची नळी उघडी. धुळीचा एक झोत आत गेला असता तर आमची सगळी मेहनत आणि वहिनींचा जीव, दोन्ही गेले असते. मधू कधी नव्हे तो लोकांवर खेकसला. त्यानं गर्दी आणखी वाढली.

तेव्हा लतानं डोकं लढवलं. गाडीत वहिनींचं बीपी मोजायचं मशीन होतं. ते घेऊन ती लांब, रस्त्याच्या पलीकडच्या ओट्यावर जाऊन बसली आणि ओरडली, "लाइन इधर लगेगी!" सगळी रांग तिकडे वळली. ती दंडाला पट्टा बांधायची, आकडा वाचायची, नमक कम खाना सांगायची. अर्धा तास लोकांचं बीपी मोजलं तिनं, आणि इकडे मधूचं किती झालं होतं ते कोणी मोजलं नाही.

शेवटी दार उघडलं, वहिनी सुखरूप बाहेर आल्या. तेवढ्यात एक म्हातारी लताला म्हणाली, "पट्टा तो बाँध दिया दीदी, अब खून भी ले लो. इतनी दूर से आए हैं."

वहिनी पायरीवर बसून पोट धरून हसल्या. कटनीच्या लग्नानंतर त्यांना तसं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं.

*

त्या हसण्यावर नागपूरचं ठरलं. डॉक्टरांनी विचारून विचारून परवानगी दिली. औषधी पाण्याची खोकी कॅम्परमध्ये चढवली. ती भलतीच जड असतात. आम्ही ती सगळी मागच्या भिंतीला रचली, म्हणजे पलंगापाशी जागा मोकळी राहील. तिथेच चुकलं. ट्रेलरचं वजन पुढच्या बाजूला हवं, हे आम्हाला सिवनी सोडल्यावर जंगलातल्या उतारावर कळलं.

आधी ट्रेलर जरासा हलला, मग शेपूट हलवावं तसा डावी-उजवीकडे झुलायला लागला. दर झोक्याबरोबर गाडीचं बूडही सरकायचं. एक ट्रक हॉर्न वाजवत घासून गेला. मधूनं स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. मी ओरडणार होतो, पण लतानं माझ्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला.

वहिनींनी मधूकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर बघत म्हणाल्या, "सावकाश घ्या. माई कुठे पळून नाही चालली."

मधूनं श्वास सोडला, गाडी हळूहळू मंद केली आणि सपाटीवर येऊन कडेला घेतली. सगळी खोकी पुढे सरकवताना तो ढसाढसा रडला. मी आपलं दोर बांधायच्या नावाखाली दुसरीकडे पाहत राहिलो.

*

त्या भानगडीत उशीर झाला, आणि नागपुरात शिरेपर्यंत पिशवीची वेळ टळत आली. माईंचं घर महाल भागातल्या गल्लीत. त्या गल्लीत आमची एसयूव्हीच घुसेना, कॅम्पर कुठला! मधूनं तो गल्लीच्या तोंडाशीच उभा केला. घर पावलांवर होतं, पण वहिनी म्हणाल्या, आधी पिशवी. त्या आत गेल्या, दार बंद झालं. मी धावत जाऊन वहिनींच्या भावाला, विनूला, सांगितलं की अर्धा तास लागेल, माईंना वरच थांबू द्या.

माई वर्षभरात जिना उतरल्या नव्हत्या. विनूचं बोलणं पुरतं ऐकूनही न घेता त्या उठल्या. म्हणाल्या, "तीन वर्षं थांबलेच ना? आता नाही थांबत." शेवटी विनूनं आणि शेजाऱ्यानं त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून खाली आणलं आणि कॅम्परच्या दारासमोर ठेवलं. भर रस्ता, ऑटोवाले हॉर्न वाजवून राहिलेले. माईंनी काठीनं दार ठोकलं. मधू पुढे झाला, आणि सासूचा हात त्यानं जन्मात पहिल्यांदा धरला. "माई, आत्ता नाही. आत्ता उघडलं तर तिला बाधेल."

माईंनी काठी खाली ठेवली. दारावर तळहात टेकवून बसून राहिल्या. आतून वहिनींचा आवाज आला, "माई, आलीस काय?" माई म्हणाल्या, "हो. तू आवर." एवढंच. अर्धा तास त्यांचा हात काही दारावरून निघाला नाही.

दार उघडलं. आम्ही चौघांनी मिळून माईंना आत चढवलं, पलंगावर बसवलं. मायलेकी बिलगून बसल्या. आम्ही पायरीपाशी उभे.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या घराण्यात जुनी चाल आहे. लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. वहिनींना मूलबाळ झालं नाही. माई पूर्वी जबलपूरला यायच्या तेव्हा आमच्याकडे जेवायच्या, आमच्याकडे पाणी प्यायच्या, आणि लेकीच्या घरी नुसत्या बसून जायच्या. वहिनी तोंडानं कधी काही बोलल्या नाहीत. पण माई आल्या की वहिनी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसायच्या, हे लतानं मला सांगितलं होतं.

वहिनी डोळे पुसून उठल्या. आल्यागेल्याला द्यायच्या सवयीनं ओट्यावरचा पेला भरला, माईंच्या समोर धरला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हात तसाच मागे घेतला. "विनूच्या घरून आणवते हं, माई."

माईंनी कॅम्परभर नजर फिरवली. पलंग, ओटा, छताचा हुक, भिंतीला लावलेली खोकी. मग हात लांब करून लेकीच्या हातातला पेला घेतला आणि सावकाश, एका दमात, रिकामा केला.

पेला परत देत म्हणाल्या, "आता चहा टाक. साखर जरा जास्त घाल."