काळोखात तिसरा नंबर

आमच्या वहिनीला घरात कुणी कधी गंभीरपणे घेतलंच नाही. अपमान म्हणून नाही हो, उलट कौतुकच. ती दारात चप्पल काढत असते तेव्हापासूनच लोक हसायला तयार होऊन बसतात. काही बोललीच नाही, तरी हसतात. म्हणे तिचा चेहराच तसा आहे. चेहरा कसला डोंबलाचा, चांगला चारचौघींसारखा आहे. पण एकदा शिक्का बसला की बसला.

ती दातांच्या दवाखान्यात काम करते. वीसेक वर्षं झाली. पेशंटला खुर्चीत बसवायचं, गळ्यात कागदी रुमाल अडकवायचा, थुंकी ओढणारी नळी धरायची, कवळीसाठी माप घ्यायचं असलं की ते गुलाबी मिश्रण वाटीत भराभरा कालवायचं. आणि मुख्य काम म्हणजे भेदरलेल्या माणसाला हसवायचं. "हसला की तोंड उघडतं, आणि तोंड उघडलं की डॉक्टरबाईंचं काम फत्ते," असं तीच सांगते. लोक डॉक्टरबाईंची वेळ घेतात, पण फोनवर आधी विचारतात, "त्या विनोदी ताई आहेत ना आज?"

माझा दादा म्हणजे तिचा नवरा. शाळेची बस चालवायचा. दात लवकर गेले बिचाऱ्याचे. त्याची कवळी वहिनीच्याच दवाखान्यात झाली, माप तिनंच घेतलं. कवळी बसली त्या दिवशी हा बाबा गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन दात दाखवून आला होता. त्याला जाऊन आता दोन वर्षं होतील. वहिनी त्या दिवशी रडली नाही. नंतरही नाही. "काय खमकी बाई आहे!" असं आम्ही सगळ्या नातेवाइकांत मिरवत राहिलो.

तर या वहिनीचा एका रविवारी मला फोन आला. "वन्सं, एक सांगायचंय. हसायचं नाही."

मी हसलेच. सवय!

"बघ, म्हणूनच सांगत नव्हते," ती म्हणाली. मग सगळं एका दमात सांगून टाकलं. वाचनालयानं कवितांची स्पर्धा ठेवली होती. विषय काळोख. फक्त दुःखाच्या कविता. हिनं गुपचूप एक पाठवली होती आणि तिचा तिसरा नंबर आला होता. शनिवारी विजेत्यांचा सत्कार, आणि प्रत्येकानं आपली कविता स्वतः वाचायची.

"अगं, मग सगळ्यांना सांगते की! काका, काकू, पोरंटोरं, सगळी वरात घेऊन येते."

"नको." ती पटकन म्हणाली. "तू एकटी ये. मला ही कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचीय. मध्ये कुणी हसलं, तर मी पुढची नाही वाचणार. मी ओळखते स्वतःला, मी लगेच काहीतरी फाजीलपणा करीन आणि खाली उतरीन. एकदाच वाचायचीय गं. नीट."

मी हो म्हटलं. आणि मग काय केलं? नको तो शहाणपणा केला. मला वाटलं, सत्कार आहे, हार घालायला घरचं कुणी नको का? वाचनालयाच्या लोकांना काय वाटेल? सांगितलं सगळ्यांना. मात्र बजावून सांगितलं, "हसायचं नाही हं." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी, ऐकू कमी येतं म्हणून, सगळ्यात जोरात डोलावली.

शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही मधल्या दोन रांगा अडवून बसलो. वहिनी पुढे विजेत्यांच्या खुर्चीत होती. तिनं मागे वळून आमची ती पलटण पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी हाराची पिशवी खुर्चीखाली सरकवली.

ग्रंथपालबाई काळ्या साडीत होत्या. त्या म्हणाल्या, "आज टाळ्या वाजवायच्या नाहीत. कवितेनंतर थोडा वेळ फक्त शांतता. दुःखाला टाळ्या काय वाजवायच्या?" पडदे ओढले, दिवे मंद केले. पहिला नंबर एका दाढीवाल्या कॉलेजकुमाराचा. त्याच्या कवितेत झाडून सगळे मेले, शेवटी मांजरही गेलं. शांतता. दुसरा नंबर एका निवृत्त पोस्टमास्तरांचा. वाचता वाचता त्यांना इतकं दाटून आलं की अर्धी कविता त्यांच्या मुलीनं पूर्ण केली. पुन्हा शांतता. लोक खरंच मन लावून ऐकत होते, शेजारची एक अनोळखी बाई डोळे पुसत होती.

मग वहिनी उठली. चष्मा लावला, माइक जरा खाली ओढला. म्हणाली, "कवितेचं नाव, कवळी."

झालं. आमच्या रांगेत खुसखुस सुरू. मी डोळे वटारले. वहिनी वाचू लागली.

"तो गेला, आणि हसू इथेच राहिलं,
स्वयंपाकघरात, फळीवर, काचेच्या ग्लासात.
रोज संध्याकाळी मी पाणी बदलते.
रोज ते माझ्याकडे बघून हसतं."

आमच्याकडे हशा पिकला. अगदी खो खो. वाचतानाही तिचा आवाज तोच हो, दवाखान्यातला, 'उघडा बघू तोंड, मोठ्ठं' म्हणतानाचा. काकांना बहुतेक 'कवळी' एवढंच ऐकू आलं असणार, पण मांडीवर थाप मारून सगळ्यात मोठ्यानं हसले ते काकाच. अख्खी खोली मागे वळून आमच्याकडे पाहायला लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

वहिनी थांबली. तिच्या ओठांवर ते हसू आलं, नेहमीचं. मी ओळखलं, आता ही काहीतरी फिरकी घेणार आणि कागद घडी घालून खाली येणार. मला राहवेना. मी सरळ उभी राहिले आणि ओरडले, "गप्प बसा रे सगळे! एक शब्द नाही! वहिनी, तू वाच."

हशा थांबला. वहिनी बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. तिचं हसू हळूहळू गेलं. मग तिनं वाचलं.

"मापाचा साचा मीच धरला होता त्याच्या तोंडात.
म्हटलं, हलू नकोस. हलला नाही.
त्या दिवशीही हलला नाही.
गाल आत गेलेला कुणी अनोळखी म्हातारा
माझ्या नवऱ्याचे कपडे घालून झोपला होता."

त्या दिवसाचं सांगायला हवं. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलवाल्यांनी दादाची कवळी काढून घेतली होती. सगळं संपल्यावर नर्सनं ती कागदाच्या पुडीत बांधून वहिनीच्या हातात दिली. आम्ही सगळे खोलीत होतो, रडून रडून बेजार. वहिनीनं पुडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे, तिकडे काय चावायला मिळणार आहे त्यांना!" आणि आम्ही हसलो. रडता रडता हसलो सगळे, जरा जीव हलका झाला. दादा तसाच गेला, बोळक्या तोंडानं. तो किस्सा आम्ही नंतर किती जणांना सांगितला, विचारू नका. बघा, आमची वहिनी, अशा वेळीसुद्धा!

"मी विनोद केला, कारण सगळे रडत होते.
सगळे हसले. मी थांबून राहिले.
कुणीतरी म्हणेल, वेडी आहेस का, घाल त्याच्या तोंडात.
एवढंच म्हणायचं होतं कुणीतरी.
पुडी माझ्या मुठीत होती."

कविता संपली. खोलीत ती ठरवलेली शांतता. आमच्यातलं कुणी मान वर करीना.

आणि त्या शांततेत काकांनी काकूंना विचारलं, "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" आमच्या काकूंना हळू बोलणं माहीतच नाही, काकांबरोबर संसार केलाय ना. त्यांनी काकांच्या कानाशी तोंड नेऊन शेवटच्या ओळी सांगितल्या, एकेक करून, खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू जाईल अशा, "सगळे हसले. मी थांबून राहिले. कुणीतरी म्हणेल..." काकू मध्येच अडखळल्या, पदरानं नाक पुसलं, पुढची ओळ सांगितली. कुणी त्यांना थांबवलं नाही. वहिनी माइकसमोर तशीच उभी होती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग समोरच्या खुर्चीला धरून उठले. ऐंशी गाठलेला माणूस.

"अगं पोरी," ते मोठ्यानं म्हणाले, "घाल ना मग. घाल की त्याच्या तोंडात. आम्हाला काय विचारतेस? आम्ही गाढवं आहोत. घाल तू."

मी वहिनीकडे पाहिलं. काकांचं वाक्य आणि त्यावर वहिनीची फिरकी, हे आमच्याकडे ठरलेलंच असतं. तिनं तोंड उघडलं.

"आता नाही हो होत काका," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

ग्रंथपालबाईंनी घाईघाईनं पुढे येऊन माइक बंद केला. तरी शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू येत होतं.