देवळालीतल्या बंगल्याचे पडदे

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात कापडछपाई शिकवत होते. जुनं छापील कापड बघून ते साधारण कुठल्या काळातलं हे मला सांगता येतं, असं ओळखीपाळखीत पसरलं होतं. त्यातूनच एका बाईंचा मुंबईहून फोन आला. देवळाली कॅम्पात त्यांच्या काकांचा बंगला होता, तो रिकामा करायचा होता.

"पडदे, सोफ्याची कव्हरं, सगळं बघून ठेवा. खरंच जुनं असेल ते ठेवते, बाकीचं देऊन टाकते. कामाच्या मावशी असतात, त्या दार उघडतील."

काका तिथेच राहतात, हे काही त्या बोलल्या नाहीत.

दार काकांनीच उघडलं. उंच, ताठ, हातात वेताची काठी. मी काम सांगितलं तशी त्यांनी मान हलवून मला आत घेतलं, आणि दाराला आतून कुलूप घालून किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. म्हाताऱ्या माणसाची सवय असेल, असं म्हणून मी भिंग काढलं आणि खिडकीच्या पडद्याला हात लावला.

"सोड तो!"

काठी खुर्चीच्या पाठीवर एवढ्या जोरात बसली की मी भिंतीला जाऊन टेकले.

"तुला त्यांनीच पाठवलंय. घर धुऊन न्यायला."

"आजोबा, मी फक्त कापड बघायला आलेय. मावशी कुठे आहेत?"

"कोण मावशी?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. खिडक्यांना गज होते. बाहेर भलंमोठं आवार, शेजारचा बंगला झाडांपलीकडे. कोपऱ्यातल्या फोनची वायर उपटलेली होती. मोबाइल तेव्हा माझ्याकडे कुठला! घरी सगळ्यांना वाटणार, मी कॉलेजात आहे.

"कापड ओळखतेस म्हणतेस ना? मग सांग, हा कधीचा? माझ्या बायकोनं लग्नाच्या वर्षी शिवलाय. एकावन्न साली. चुकलीस तर तू चोर."

मी पडदा हातात घेतला. त्यावर भिंग धरलं. मोठी नारिंगी पानं, आणि ठरावीक अंतरावर रंग दुहेरी बसल्याची एक बारीक गडद रेघ. ती स्क्रीनची जोड. म्हणजे छपाई स्क्रीनवरची, पण तेवढ्यावरून साल सांगता येत नाही. खालची दुमड उसवली होती. आत ताग्याच्या टोकाला मारतात तो गिरणीचा शिक्का दिसला; त्यात किंमत होती, मीटरमागे, नये पैशांत.

एकावन्न म्हणून मोकळं व्हावं, असं मनात आलं. पण भीतीनं डोकं चालेनासं झालं होतं, आणि वर्गात सांगते तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "नये पैसे सत्तावन्न साली आले. हा लग्नानंतरचा आहे."

ते वळून आतल्या खोलीत गेले. मी धावत स्वयंपाकघर गाठलं. मागचं दार बाहेरून बंद होतं. ते ढकलत असतानाच मागे काठीचा आवाज आला.

त्यांच्या हातात एक घडी होती. "मग हा?"

अरुंद पन्ह्याचे दोन तुकडे जोडून केलेला पडदा. त्यावर निळी फुलं, केसासारख्या रेघा, तांब्याच्या रोलरवर कोरल्याशिवाय येत नाहीत तशा. कडेला पुसट शिक्का होता. मी भिंग टेकवलं. किंमत वारामागे, आण्यांत.

"हा आधीचा आहे, आजोबा. हा एकावन्नचा असू शकतो."

ते तिथेच ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. "हाच. तिनं हाच शिवला होता. सगळे म्हणतात, मला काही आठवत नाही."

त्यांची कीव यायला हवी होती. मला फक्त त्यांचा खिसा दिसत होता.

"आजोबा, किल्ली द्या ना."

"कसली किल्ली?"

मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, आणि या खेपेला काठी उचलली. मी भांड्यांच्या मांडणीच्या आडोशाला सरकले. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली आणि भाजीची पिशवी घेऊन मावशी आत आल्या.

"अगं बाई! कधी आलात? मी बाजारात गेल्ते." त्यांनी काठी काढून घेतली, काकांच्या खिशात हात घालून किल्ली काढली. "लय घाबरलात व्हय? ते मारत नाय कोणाला."

मला ते पटलं नाही. मी स्कूटर नाशिक रोडपर्यंत कशी चालवली, आठवत नाही.

बाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढं वाढलंय, हे मला माहीत नव्हतं हो." त्यांनी बंगला रिकामा करणं लांबणीवर टाकलं आणि काकांजवळ दिवसभर थांबायला एक माणूस ठेवला. निळा पडदा काकांच्या खोलीत लावायला सांगितला.

काम अर्धं राहिलं होतं, म्हणून बहिणीला सोबत घेऊन मी पुन्हा गेले. काकांनी मला ओळखलं नाही. हसून बसायला सांगितलं, मावशींना चहा करायला लावला. बहीण म्हणाली, किती गोड आहेत. मी मान हलवली, पण माझ्या हातातला कप बशीवर वाजत होता, आणि तो वाजायचा थांबावा म्हणून मी दोन्ही हातांनी धरून बसले होते.