ब्रिगेडियरकाकांचा नियम

टीव्हीवर ब्रिगेडियरकाका आले की आमच्या घरी आवाज वाढवावा लागायचा. बाकीचे तज्ज्ञ घसा फोडून भांडत, आणि लढाया पाहिलेला हा एकटा माणूस पाळी येईपर्यंत गप्प. मग चार वाक्यं, तीही हळू. खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढून ब्रिगेडियर झालेले काका निवृत्तीनंतर चेरीताल मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहत आणि बैठकीतूनच चॅनलवर झळकत. त्याआधी भिंतीपलीकडून हाक यायची, "वहिनी, अर्धा तास कुकर लावू नका जी, देशाचा प्रश्न आहे!" आई हसत गॅस बंद करायची.

त्यांचा एक नियम होता. चकमकीत कोणी गेलं, तर घरच्यांना कळेपर्यंत ते युनिटचं नावही घेत नसत. माझा दादा फौजेत भरती झाला त्या वर्षी मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाले, "माझ्या एका जवानाच्या बापाला बातमी पानठेल्यावर कळली बेटा, रेडिओवरून. मी पोचलो तर म्हातारा तिथंच बसून होता. त्याला सांगणं माझं काम होतं."

गेल्या वर्षी सीमेवर चकमक झाली. निवेदिका हट्टालाच पेटली. "सर, यूनिट का नाम बताइए, आपको तो पता है."

"पता है. पहले घरवालों को पता चलेगा, फिर आपको."

ती ऐकेना. काकांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि सरळ उठून गेले. पडद्यावर नुसती खुर्ची. आईने टाळी वाजवली. "बरी जिरवली! काहून खोदून खोदून विचारून राहिली ती?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. गणवेशातला एक अधिकारी आणि त्याच्याबरोबर कोट घातलेले काका. त्यांनी आईला आधी खुर्चीत बसवलं, मग सांगितलं. माझा दादा गेला होता.

पुढे आईने विचारलं, "भाऊजी, तुम्हाला आदल्या दिवशीच माहीत होतं?"

"युनिट माहीत होतं, वहिनी. नाव नव्हतं."

दादाची बातमी आम्हाला टीव्हीने नाही, माणसाने दिली. त्या दिवसात माया म्हणावी अशी तेवढीच गोष्ट होती. चॅनलने मात्र काकांना माफी मागायला सांगितलं. "माफी? काहून?" एवढंच त्यांचं उत्तर. पुन्हा बोलावणं आलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

या उन्हाळ्यात काका झोपेतच गेले. समोरच्या भैयाने मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकायला लगेच फोन काढला. आईने त्याचा हात धरला.

"रुको भैया. आधी त्यांच्या पोरीला कळू द्या."

आणि पुण्याला पोरीला फोन आईनेच लावला.