मी न बघितलेला नळ

"उभी राहा. मोठ्याने वाच."

पुढाऱ्याने कात्रण माझ्यापुढे धरलं. माझंच होतं. वर माझं नाव, खाली बातमी. फुलपाड्यातल्या आमच्या चाळीला पाणी आलं, रहिवाशांत आनंदाचं वातावरण.

त्याच्या पत्रकार परिषदेत मी एवढंच विचारलं होतं, की नळाचं उद्घाटन होऊन दोन महिने झाले, पाणी का नाही?

मी उभी राहिले. वाचायला लागले.

"हिची आई मिठागरात टोपल्या वाहायची," तो बाकीच्यांना म्हणाला. "हिला पत्रकार आपण केलं."

सगळे हसले. माझे संपादकही हसले. मला राग आला नाही. लाजही वाटली नाही. दात काढायच्या आधी सुई टोचली की गाल बधिर होतो, तसं अंग झालं होतं.

ती बातमी मी लिहिलीच नव्हती. आमच्या साप्ताहिकात रीतच तशी. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुढाऱ्याच्या ऑफिसातून प्रेसनोट येते. भाषणं, हार, टाळ्या, सगळं आधीच झालेलं असतं. आम्ही नाव टाकतो आणि अंक छापायला पाठवतो. मीही टाकलं. पाणी येईल असं मला खरंच वाटलं होतं. पहिल्या पानावर नाव आलं म्हणून आईने अंक देवाजवळ ठेवला.

उद्घाटनाला नळाला हार घातला. हार सुकला, तरी नळातून थेंब नाही. चाळीतल्या बायकांनी अर्ज केला. आई तो पाणीखात्याच्या खिडकीवर द्यायला गेली. कारकुनाने फाइल उघडून दाखवली. पाणी सुरू असल्याचा पुरावा म्हणून आत माझं कात्रण टाचलेलं. आईला वाचता येत नाही, पण माझं नाव ती ओळखते.

घरी येऊन ती रिकाम्या हंड्याशेजारी बसली.

"पानी आलं असं तूच छापलंस. आता आमी कुनाला सांगायचं?"

म्हणून मी तो प्रश्न विचारला होता.

वाचून झालं. "बस आता," तो म्हणाला. मी बसले नाही.

"ही बातमी खोटी आहे," मी म्हणाले. "नाव टाकलं तेव्हा मी नळ बघितला नव्हता. नाव माझं, चूक माझी. लिहून घ्या."

कोणी लिहिलं नाही. एका म्हाताऱ्या पत्रकाराने पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

संपादकांनी दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. बातमी खोटी आहे, हे मी तीन ओळींत कागदावर लिहिलं. खाली आईचा अंगठा, मग बायकांच्या सह्या. त्याच खिडकीवर गेले आणि कारकुनाला माझ्यासमोर तो कागद कात्रणावर टाचायला लावला. पोच घेतली. पाणी अजून आलेलं नाही. पण आता त्या फाइलमध्ये माझं खोटं एकटं नाही.

आज फोनवर प्रेसनोट आली. यादीतून माझा नंबर काढायचा राहिलाय. भुईगावात पुढाऱ्याच्या वाचनालयाचं उद्घाटन थाटात पार पडलं, म्हणे.

उद्घाटन उद्या आहे. मी जाणार. आत पुस्तकं आहेत का, ते कपाट उघडून बघणार. मग लिहीन. कोणी छापलं नाही तर हाताने लिहून चाळीच्या भिंतीवर लावीन. न बघितलेल्या गोष्टीखाली आता माझं नाव जाणार नाही.